काहीसे सहमत हुक्केरीकर

आमच्या मीटरच्या खोलीतून धूर निघाला तेव्हा अख्खी सोसायटी जिन्यावरून खाली धावली. कोणी वाळूची बादली उचलली, कोणी मेन स्विच शोधत होतं, वॉचमन देवाला आणि वायरमनला एकाच दमात हाका मारत होता. त्या गोंधळात तळमजल्यावरचं दार उघडून हुक्केरीकर सर बाहेर आले. त्यांनी धुराकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "धूर पहिल्यांदा कोणाला दिसला? आणि दिसल्यावर त्यांनी कोणाला सांगितलं?"

नवरा खोकत होता. त्याने हातानेच बाजूला व्हायची खूण केली. सरांनी त्याचा अर्थ 'उत्तर द्यायला नकार' असा घेतला आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

धूर थांबला, वायर बदलली, सगळे चहाला लागले. सर मला म्हणाले, "वहिनी, प्रश्न धुराचा नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे." हे त्यांचं लाडकं वाक्य. कचरा उचलला गेला नाही तर प्रश्न कचऱ्याचा नसतो, कुत्रं चावलं तर कुत्र्याचा नसतो. एकदा त्यांच्या स्वतःच्या घरात दूध उतू गेलं तेव्हाही तो व्यवस्थेचाच होता, आणि गॅस मी जाऊन बंद केला.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे पद मला कोणी मानाने दिलेलं नाही. त्या वर्षी सभेला मला उशीर झाला, आणि मी पोचेपर्यंत माझी निवड होऊन गेली होती. त्यामुळे हुक्केरीकरांचा सहवास मला जितका घडला तितका त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही घडला नसेल. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे माणूस मनात आलं की बोलतो, कधी कधी मनात यायच्या आधीच बोलतो. आणि बंगळूरला येऊन माझ्या नशिबी शेजार आला तो अशा माणसाचा, ज्याने उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणून एक मत उच्चारलं नाही.

सर सीमाभागातल्या हुक्केरीकडचे. तिकडच्या रीतीने एक वाक्य मराठी, दुसरं कन्नड, आणि अंगावर आलं की इंग्रजी. इथल्या एका मोठ्या संस्थेत ते समाजशास्त्राचे संशोधक होते. आता निवृत्त झालेत, पण संस्था त्यांना सोडत नाही की ते संस्थेला, हे मला अजून उमगलेलं नाही. विषय आहे हवामान बदल आणि कारभार. म्हणजे पृथ्वी तापते आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही सरकारं, नगरपालिका, सोसायट्या आणि माणसं हातावर हात ठेवून का बसतात, ह्याचा शोध. ह्या शोधात सरांची हयात गेली. माणसं अजून तशीच बसलेली आहेत, त्यामुळे विषय संपायची भीती नाही.

एकदा मी तोंडावर विचारलं, की तापमान मोजायला शास्त्रज्ञ आहेत, सोलर बसवायला इंजिनिअर आहेत, मग तुम्ही नेमकं करता तरी काय? त्यांना राग येत नाही, हा आणखी एक वैताग. शांतपणे म्हणाले, "शास्त्रज्ञ सांगतो पाणी किती उरलंय. इंजिनिअर पाइप टाकतो. पण नळ आधी कोणी बंद करायचा, हे दोघांच्याही पुस्तकात नाही."

वाक्य चांगलं होतं, नाही म्हणत नाही. घरी जाऊन मी ते नवऱ्याला ऐकवलं. माझं सासर इथलं जुनं. ह्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, उतरले, आणि त्यानंतर घराण्यात कोणी घाई केलेली नाही. नवऱ्याने ऐकून घेतलं, "सरी" म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', आणि मोरीतला नळ तसाच वाहत राहिला.

सरांबरोबर मी एका सेमिनारलाही गेले आहे. त्यांना 'नागरिक प्रतिनिधी' हवी होती आणि मला हॉटेलातलं जेवण. विषय होता वाढता उन्हाळा. आत एसी असा सोडलेला, की उष्माघातावर बोलणाऱ्या बाईंनी शाल पांघरली होती. प्रत्येकापुढे प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी, आणि पडद्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा डोंगर. संध्याकाळी सर्वांचं एकमत झालं की ह्या विषयावर आणखी अभ्यासाची गरज आहे. नागरिकाला बोलायला ठेवलेली पाच मिनिटं चहात गेली, पण निघताना 'पृथ्वी एकच' असं लिहिलेली कापडी पिशवी मिळाली. सरांच्या घरी अशा पिशव्या भरून ठेवलेल्या पिशव्या आहेत. पृथ्वी एक असेल, पिशव्या मात्र प्रत्येक खुंटीला आहेत.

पण त्यांची खरी खोड म्हणजे पाच पर्याय. पूर्ण असहमत, काहीसा असहमत, सांगता येत नाही, काहीसा सहमत, पूर्ण सहमत. लोकांना विचारून विचारून हे त्यांच्याच अंगात भिनलं. मी उपमा नेऊन दिला आणि मीठ बरोबर आहे ना विचारलं, तर म्हणाले, "काहीसा सहमत." डॉक्टरांनी छातीत दुखतंय का विचारलं, तर "सांगता येत नाही," आणि डॉक्टरांनी घाबरून दोन जास्तीच्या तपासण्या लिहून दिल्या. 'पूर्ण सहमत' मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्याबद्दल छेडलं तर म्हणाले, टोकाचं उत्तर देणारा माणूस घाईत असतो. लग्नही बहुधा ह्याच पर्यायांत अडकलं असावं, कारण ते एकटेच राहतात.

प्रश्न विचारायला त्यांना कोणीही चालतं. इस्त्रीवाला, भाजीवाली, कामाच्या बायका. टँकर आला की ते ड्रायव्हरला गाठून हवामान बदलाबद्दल त्याचं मत विचारायचे. तो म्हणायचा, "सर, स्वल्प बाजूला व्हा, पाइप लावायचाय." सर बाजूला व्हायचे आणि तेच वाक्य मान डोलावत मनाशी म्हणायचे, जणू त्यात काही गूढ अर्थ दडला आहे.

दुपारी मात्र ते न चुकता चौथ्या मजल्यावर जायचे. तिथे अंबक्का राहते. एकटीच. ऐंशी ओलांडलेली, इथल्या जुन्या मराठी घरातली, मराठी बोलते पण त्यात निम्मी कन्नड कालवलेली. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. सर धापा टाकत वर जायचे, अक्का ताक पुढे करायची आणि तोंडी परीक्षा सुरू व्हायची. काल किती उकडलं? रात्री झोप लागली का? लहानपणी ह्या महिन्यात पांघरूण घ्यावं लागायचं का? बिल्डिंगमधले लोक हसायचे. बाईला सुखाने वामकुक्षी करू देत नाही हा माणूस, असं मीही चारचौघांत म्हटलेलं आहे.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या बोअरवेलने आधी गढूळ पाणी टाकलं, मग नुसती हवा, मग तीही बंद. टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढलं की खालच्या मजल्यांना धार यायची, आणि लोक पिंप, बादल्या, कुकर, फुलदाण्यासुद्धा भरून घ्यायचे. अंबक्का टाकीच्या अगदी खाली, म्हणून तिच्या नळाला मुळातच जोर कमी. तिची बादली तळ झाकेपर्यंत टाकी रिकामी व्हायची आणि मग नळातून सूं सूं आवाज यायचा. तिला खाली येऊन बादली वर नेणं शक्य नव्हतं.

तिचा मुलगा शहराच्या पार टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत चौदाव्या मजल्यावर राहतो. पोरगा चांगला आहे. एका रविवारी आला, नळाचा तो आवाज ऐकला आणि माझ्यासमोरच आईला म्हणाला, सोसायटीने पावसाळ्याआधी पाण्याचं काही ठोस केलं तर ठीक, नाहीतर तू माझ्याकडे. अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला जायचं नव्हतं. ह्या घरात तिचा संसार झाला होता, नवरा इथेच गेला होता. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "तिथं खिडकीतून खाली बघितलं तर माणूस दिसत नाही गं. नुसती डोकी दिसतात."

उपाय समोर होता. कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर आहे, इथे नारळाची बाग होती तेव्हाची. बिल्डरने तिच्यावर काँक्रीटची स्लॅब टाकली, आणि स्लॅबवर जाधवअण्णांनी गाडी लावली. जाधवअण्णा आमचे अध्यक्ष. पीण्या नावाच्या औद्योगिक भागात त्यांचा कारखाना आहे, तिथे पंपाचे सुटे भाग बनतात. पंपावर जगणारा माणूस विहिरीच्या विरोधात कसा, हे कोडं मला सुटलेलं नाही. ते म्हणायचे विहीर उघडली की डास होतात. त्यांना दुसरी गाडी घ्यायची होती आणि स्लॅबवर दोन मावत होत्या, हे वॉचमनसुद्धा सांगू शकला असता.

विहीर उघडायची, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात सोडायचं, आणि टाकी भरली की पहिली पाळी चौथ्या मजल्याची, अशी योजना हुक्केरीकरांनीच मांडली. विहिरीचं काम करणाऱ्या माणसाने येऊन पाहिलं आणि झरा जिवंत आहे म्हणाला. मी म्हटलं, चला, उद्याच सभा बोलावते. सर म्हणाले, थांबा. विहीर कोणीही उघडेल, पण पाळी लोकांना आपली वाटली नाही तर ती दोन दिवस टिकायची नाही. आधी सहभाग.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये म्हणतात. आमच्याकडे विहीर खोदलेली होती, तहानही लागलेली होती, आणि मधे सहभाग आला.

सहभाग म्हणजे काय, ते ऐका. खेडोपाडी म्हणे लोकांना जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावतात आणि धान्याचे दाणे ठेवून कोणाकडे काय आहे ते दाखवायला सांगतात. सरांनी हा प्रयोग आमच्या जे. पी. नगरच्या सुशिक्षित लोकांवर केला. एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आम्ही सगळ्या बायका रांगोळीने बिल्डिंग काढत होतो. सगळ्यांत देखणी अंबक्काची. मुलगा तिला धरून खाली घेऊन आला होता, तिने विहिरीभोवती कमळं काढली. मग प्रत्येक घराला मूठभर चिंचोके. आज तुमच्या घरात जितक्या बादल्या पाणी आलं तितके चिंचोके आपल्या चौकोनात ठेवा. आयटीतली तरुण मंडळी फोटो काढत होती. माझा नवरा चिंचोका हातात घेऊन विचार करत बसला. मी मनात म्हटलं, देवा, ह्या वयात काचापाणी खेळायची वेळ आली.

पण झालं काय, की चिंचोके ठेवून झाले आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. खाली ढीग, वर थोडे कमी, आणि चौथ्या मजल्यावर अक्काच्या चौकोनात एकच चिंचोका. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या फुलदाणी भरायच्या, त्यांनी हळूच आपल्या ढिगातला एक उचलून अक्काच्या चौकोनात ठेवला. सर पटकन म्हणाले, "नाही, नाही, आत्ताची स्थिती बदलू नका," आणि तो परत जागेवर ठेवला. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर जाधवअण्णा बाहेर निघाले, ते त्या नकाशावरून गाडी घेऊनच गेले.

तरीही त्या चिंचोक्यांनी काम केलं. त्यानंतर जिन्यात लोक पाण्याबद्दल बोलायला लागले. सर घरोघरी जाऊन पाच पर्याय विचारत होते आणि मी सेक्रेटरी म्हणून अंदाज घेत होते. सभेच्या आदल्या दिवशी हिशेब पक्का झाला. आठ घरं विहिरीच्या बाजूने, सात विरुद्ध. एका मताने का होईना, विहीर उघडणार होती. अंबक्काने मुलाला फोन करून सांगितलं, की माझी बॅग काढू नकोस.

सभा पार्किंगमध्येच झाली. सरांनी निष्कर्ष वाचून दाखवले, न अडखळता, न रागावता. जाधवअण्णांनी डासांवर भाषण केलं. मग मी विचारलं, विहीर उघडावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर गेले. अंबक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, तिचा हात सगळ्यांत उंच. मी मोजले. सात. पुन्हा मोजले. तेव्हा माझं लक्ष गेलं, की हुक्केरीकर सर भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांचे दोन्ही हात त्या कापडी पिशवीत आहेत.

मला वाटलं विसरले. मी नाव घेऊन विचारलं. ते म्हणाले, "मी अभ्यासक आहे, वहिनी. ज्याचा अभ्यास मी केला, त्यावर मला मत देता येत नाही. निष्कर्ष दूषित होतो."

अंबक्का खुर्चीत मागे वळली. तिला काही कळलंच नव्हतं. हात तसाच वर ठेवून तिने सरांना विचारलं, "अण्णा, तुझा हात दुखतो का?"

सरांकडे पर्याय पाच होते, पण त्यातला एकही त्या प्रश्नाला लागू नव्हता.

सात विरुद्ध सात. नियमाप्रमाणे बरोबरी झाली की अध्यक्षांचं जादा मत. अध्यक्ष जाधवअण्णा. महिन्याभरात स्लॅबवर दुसरी गाडी आली आणि तिच्या पूजेचे पेढे त्यांनी प्रत्येक घरी पाठवले. मी ते परत पाठवले. नवऱ्याने त्याआधी एक खाल्ला होता.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी जाऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की पालथ्या घड्यावर पाणी. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मी हात वर केला असता तर हा सगळा खटाटोप मतं मिळवायला होता असं झालं असतं, आणि पुढच्या वेळी कोणी खरा चिंचोका ठेवला नसता. मी म्हटलं, पुढच्या वेळी? पुढच्या वेळी तुमचा तो एक चिंचोका ठेवायला इथे कोण असणार आहे? त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मी निघून आले.

विहीर काही उघडली नाही, पण तिच्यातून एक निबंध मात्र निघाला. 'दक्षिण बंगळुरातील एका निवासी संकुलातील सामूहिक निर्णयाचे अपयश' असा काहीसा विषय. सरांच्या संस्थेत त्याचं फार कौतुक झालं. अपयश इतकं नीटस, इतकं वरपासून खालपर्यंत नोंदलेलं, पूर्वी म्हणे कोणाच्या हाती लागलं नव्हतं. आमची विहीर उघडली असती तर ह्या लोकांची केवढी निराशा झाली असती.

पाऊस सुरू व्हायच्या आत अंबक्का निघाली. मी तिची भांडी कागदात गुंडाळत होते. मला सरांवरचा राग गिळवत नव्हता, म्हणून मी पुटपुटत होते, की रोज दुपारी येऊन तुमचं डोकं खायचा, तुमचं ताक प्यायचा, आणि एक हात वर करायचा म्हटलं तर मेल्याच्या जिवावर आलं. अक्का हसायला लागली. म्हणाली, "अगं, त्याचे प्रश्न दोन वर्षांपूर्वीच संपलेत. तेच तेच विचारतो."

मग तुम्ही कंटाळत नाही का, मी विचारलं.

"मी रोज वेगळं उत्तर देते," अक्का म्हणाली. "एक दिवस सांगते, लहानपणी उगादीला, पाडव्याला गं, लिंबाएवढ्या गारा पडायच्या. दुसऱ्या दिवशी सांगते, गारा कसल्या, धुकं असायचं. उत्तर तेच दिलं तर त्याला यायला कारण काय राहील? एकटा आहे बिचारा. दुपार खायला उठते त्याला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की ह्या बाईच्या लिंबाएवढ्या गारा आता कुठल्या तरी अहवालात छापून दिल्लीला पोचल्या असतील आणि त्यावर धोरण ठरलं असेल. आता ह्या माणसाच्या दुपारचं काय, हा दुसरा विचार यायला वेळ लागला, आणि तो आल्यावर मला भांडी गुंडाळवेनात.

अक्का गेली. चौथा मजला बंद झाला. सर महिनाभर दारात फारसे दिसले नाहीत, आणि दिसले तरी कोणाला काही विचारायचे नाहीत. इस्त्रीवाल्यानेच मला विचारलं, की सरांची तब्येत बरी आहे ना.

मग कळलं, की त्या निबंधासाठी त्यांना दिल्लीहून बोलावणं आलं होतं. मोठं व्यासपीठ, विमानाचं तिकीट, मंत्री वगैरे येणार. सरांनी नाही म्हणून कळवलं. मी जिन्यात गाठून विचारलं, का हो, पिशव्या ठेवायला जागा उरली नाही का? ते म्हणाले, त्या दिवशी गुरुवार आहे आणि गुरुवारी फील्डवर्क असतं. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक सिटी."

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. अक्कासाठी मी शेंगदाण्याची चटणी केली होती, सातारची, तिखट. दोन बस बदलाव्या लागतात. सिल्क बोर्डच्या चौकात गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या, आणि सर दांडीला धरून उभे. पावसाने दडी मारली होती आणि खिडकीतून उन्हाच्या झळा येत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, तुम्हाला एक सांगू का? अक्का तुम्हाला रोज काहीतरी बनवून सांगते. त्या गारा वगैरे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांतलं तिचं एकही उत्तर मी अहवालात घेतलेलं नाही."

मग कशाला जाता, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात आलेलं बोलले नाही. बस उड्डाणपुलावर चढली. सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

अक्का दारातच उभी होती. वाळली होती थोडी. घर छान, स्वच्छ, मुलगा-सून कामावर. नळाला पाणी होतं, टँकरचंच, पण लिफ्टसारखं सरळ वर येणारं. तिने ताक आणलं, चटणी हुंगून पाहिली, "अय्यो, जास्तच लाल आहे" म्हणाली आणि झाकून ठेवली. सर नेहमीसारखे सरसावून बसले. काल उकडलं का? रात्री झोप लागली का?

अक्काने ह्या वेळी गाराही सांगितल्या नाहीत आणि धुकंही नाही. पदराने हात पुसत ती म्हणाली, "अण्णा, इतकी वर्षं तू विचारलंस. आज मी एक विचारते. मी तिथंच राहावं असं तुला वाटत होतं की नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं, खाली डोकी चालली होती. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी पाचही पर्याय म्हणून पाहिले आणि ठरवलं, की आता हा माणूस 'सांगता येत नाही' म्हणाला तर मी परतीला एकटी जाईन.

"पूर्ण सहमत," ते म्हणाले. "पूर्ण सहमत, अक्का."

अक्काने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पुन्हा ताकाने भरला.

"सरी," ती म्हणाली. "आता पुढचा प्रश्न विचार."